झाडाच्या जागी सुपारी

फार पूर्वी भर समुद्रात एक बेट होतं आणि त्या बेटावर एकही उंदीर नव्हता. झाडं मात्र होती. उंच, सरळसोट, काळ्या सालीची. जगात दुसरीकडे कुठे ती उगवत नसत. लोक त्यांना नुसतं होडीचं झाड म्हणायचे, कारण बेटावरची प्रत्येक होडी त्याच लाकडाची. दुसरं लाकूड त्या पाण्यात कुजून जायचं.

झाड वाढायचं फार सावकाश. आजोबाच्या बारशाला लावलेलं रोप नातवाच्या लग्नाला होडी व्हायचं. म्हणून रीत अशी होती की घरात मूल जन्माला आलं की बारशाच्या दिवशी रानात जायचं, झाडाखाली उगवलेलं एक रोप उचलायचं आणि परसात लावायचं. शहाण्या माणसांनी घातलेली रीत. पुढच्यांनी तिचं काय केलं ते ऐका.

एकदा एका व्यापाऱ्याचं गलबत आलं. सुकी मासळी घेऊन गेलं आणि तांदळाची, गुळाची, सुपारीची पोती टाकून गेलं. त्या पोत्यांतून उंदीर उतरले. बेटावरच्या लोकांनी उंदीर फक्त गणपतीच्या पायाशी बसलेला पाहिलेला. ते हरखले.

पाटील म्हणाला, "वाहन आलंय. मागून गणपतीही येईल!"

गावात एक तोंडाळ बाई होती. ती म्हणाली, "पाटीलबाबा, गणपती नाही येत. मागून पिल्लं येतील."

सगळे हसले. पिल्लं आली.

होडीच्या झाडाची फळं टणक, पण आत गोड गर. पूर्वी ती पत्र्यासारखी वाजत जमिनीवर पडायची, पायाखाली यायची, माणसं घसरायची. आता उंदीर एकेक फळ बियांसकट पोखरून साफ करू लागले. लोक खूश. म्हणाले, "रान कसं झाडून काढल्यासारखं दिसतंय!" फुकटचा झाडूवाला कुणाला नको असतो?

काही वर्षांनी त्या तोंडाळ बाईला मुलगी झाली. बारशाला नवरा रोप आणायला गेला. सकाळी गेलेला, पाळण्याची वेळ झाली तरी पत्ता नाही. शेवटी रिकाम्या हातांनी आला. आख्ख्या रानात एक रोप नव्हतं. वर म्हाताऱ्या झाडांची दाटी आणि खाली काही नाही. घर म्हाताऱ्यांनी भरलेलं आणि पाळणा एकही नाही, तसं.

आता काय करायचं? सगळे भटजींकडे बघू लागले.

भटजी म्हणाले, "त्यात काय एवढं? जी वस्तू नाही तिच्या जागी सुपारी ठेवायची. शास्त्राला मान्य आहे."

बाई बाळंतिणीच्या खाटेवरून ओरडली, "भटजीबुवा, शास्त्राला मान्य असेल, पण सुपारीची होडी होते का? माझ्या नातवंडांनी समुद्रात काय सुपारीवर बसून जायचं?"

"बाळंतिणीनं एवढं बोलू नये," पाटील म्हणाला.

"मग तुम्ही बोला. पोती गलबतावरच झाडून घ्यायला सांगा. पिंजरे लावा. फळं पडतात तेव्हा राखण ठेवा."

"करू, करू," पाटील म्हणाला. करू म्हणणारा माणूस करत नसतो.

परसात खड्डा खणला, सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. दुसऱ्या बारशालाही तेच. मग तिसऱ्याला कुणी रानात गेलंच नाही, सुपारी घरातच होती.

एकदा सोय कळली की माणूस थांबत नाही. विहीर उपसायला गावानं जमायचं असेल तर जो येणार नाही तो आपल्या जागी सुपारी पाठवू लागला. आजाऱ्याला भेटायला सुपारी. तंट्यात साक्ष द्यायला सुपारी. गाव तोंडांनी भरलेलं आणि कामाला रिकामं.

रान अजून हिरवं दिसत होतं, म्हणून कुणाला भीती वाटली नाही. पण लग्नं होत होती, होड्या लागत होत्या, रानातली, परसातली झाडं पडत होती. उरलेली एका वादळानं आडवी केली. तोवर जुना पाटील गेला आणि त्याचा मुलगा पाटील झाला. तोंडाळ बाईची म्हातारी झाली, तिची मुलगी लेकुरवाळी झाली. आणि एक दिवस लोकांनी पाहिलं तर बेटावर होडीचं झाड एकच उरलेलं. तेही म्हातारीच्या घरामागे, आतून पोकळ. होडीच्या कामाचं नाही, पण फळं धरणारं.

म्हातारी काठी घेऊन त्या झाडाखाली बसू लागली. फळ पडलं की धावायची. पुष्कळदा उंदीर आधी पोहोचायचे. पण एक फळ तिच्या पदरात पडलं. तिनं ते मडक्यात रुजवलं. कोंब आला, दोन पानं आली. मग काटेरी कुंपण घालून तिनं ते अंगणात लावलं. उंदीर काट्यांना भितात थोडेच? रात्रंदिवस कुणीतरी बसायला हवं होतं आणि म्हातारीचे डोळे मिटू लागले होते.

ती चावडीवर गेली. "मी आजवर तुम्हाला शिव्या घातल्या. आज पाया पडते. पाळ्या लावून घ्या. माझ्यासाठी नाही, तुमच्या नातवांच्या होड्यांसाठी."

बेटावरचं शेवटचं रोप होतं. लोकांच्याही मनाला थोडं लागलं. पाळ्या लागल्या आणि आश्चर्य म्हणजे लोक बसले. रोप कमरेएवढं झालं. म्हातारी कितीतरी वर्षांनी हसली.

मग एकदा पाटलाची पाळी आली. त्याच दिवशी त्याच्या मुलाचं लग्न. गावाला जेवण, म्हातारीलाही बोलावणं.

म्हातारीनं विचारलं, "पाटील, आज रोपाशी कोण?"

पाटील म्हणाला, "सोय केलीय आजी, काळजी नको. आज गोडाधोडाचं जेवण आहे, तोंडही गोड ठेवा."

म्हातारीनं विश्वास ठेवला. पन्नास माणसांच्या गावात एक माणूस बसवला असेल असं तिला वाटलं. एवढीच तिची चूक.

जेवून ती परत आली. राखणदाराच्या दगडावर कुणी नव्हतं. हळदकुंकू लावलेली एक सुपारी होती. कुंपणाआत रोपाचा बोटभर बुंधा उरला होता, साल सोललेला. पानं नव्हती. शेंडा नव्हता.

म्हातारीनं ती सुपारी उचलली आणि पदराच्या गाठीला बांधली. त्या दिवसापासून ती कुणाला काही बोलली नाही. गावाला वाटलं, बरं झालं, तोंड थकलं.

होड्या जुन्या झाल्या. एकेक फुटली. मासे मिळेनात, मासळी नाही म्हणून गलबत येईना. शेवटी एकच मोठी होडी उरली, ठिगळांची. धान्य उंदरांनी संपवलं. पाटील म्हणाला, "ही तरंगतेय तोवर निघू या."

एका सकाळी सगळे होडीत चढले. आधी पोरं, मग बाया, मग बाप्ये. होडी काठोकाठ बसली. पाणी आत येऊ लागलं.

पाटील खाली मान घालून म्हणाला, "एक माणूस जास्त होतंय. कुणीतरी थांबा. आम्ही परत येऊन नेऊ."

कुणी हललं नाही. म्हातारी उठली.

"आई, बस खाली!" मुलगी रडू लागली.

म्हातारी किनाऱ्यावर उतरली आणि म्हणाली, "पाटील, परत येशील म्हणतोस, पण कशात बसून येशील?"

पाटलानं वल्हं हातात घेतलं.

तिनं पदराची गाठ सोडली आणि सुपारी आपल्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"माझ्या जागी ही न्या. तुम्हाला चालते."

होडी गेली. म्हातारी काठी घेऊन झाडाखाली जाऊन बसली. वरून एक फळ पडलं. ती उठेपर्यंत उंदरानं ते नेलं.

तात्पर्य: सुपारी देव चालवून घेतो, कारण तो देव आहे. उंदीर, झाड आणि समुद्र काही चालवून घेत नाहीत. जिथे आपण बसायचं तिथे आपणच बसावं.