नागूने कुपा पकडला त्याची गोष्ट

समुद्रकाठी एका गावात नागू नावाचा एक भोळा कोळी राहत होता. मनाने सोन्यासारखा. डोक्याचं विचारू नका.

त्याची बायको द्वारका. ती दुसऱ्यांची मासळी टोपलीत घालून विकायची आणि घर चालवायची. हे तिच्या आईच्या कानावर गेलं. आईने निरोप धाडला, "मी येतेय. जावयाने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने एक कुपा ओढून आणावा. नाहीतर लेक घेऊन जाते."

कुपा म्हणजे साधासुधा मासा नव्हे. खोल समुद्रात राहतो, माणसाएवढा होतो. द्वारका घाबरली. म्हणाली, "अहो, दोरी नीट बघून घ्या. मजबूत पाहिजे. तुटता कामा नये."

"असं होय? आता कळलं," नागू म्हणाला.

त्याने होडीच्या नांगराचा दोर उचलला. मनगटाएवढा जाड. त्याला गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, बांधली आणि शेजारच्या भिकूकाकाच्या होडीतून खोल समुद्रात गेला. दिवसभर दोर पाण्यात. एकही मासा फिरकला नाही.

भिकूकाका ओरडला, "अरे नाग्या, हा दोर बघून कुपा तोंड लावेल होय? दोरी माशाला दिसता कामा नये!"

"असं होय? आता कळलं."

दुसऱ्या दिवशी नागूने गरीला बांगडा लावला आणि गरी पाण्यात फेकली. बुडुक. गेली.

"दोरी कुठाय रे?" काकाने विचारलं.

"घरी. तांदळाच्या डब्यात लपवली. वर झाकण लावलंय."

काकाने आपला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, काढून नागूच्या हातात दिला. "हा घे. पाण्यात दिसत नाही आणि तुटत नाही. पण नीट ऐक. कुपा लागला की लगेच ओढायचं नाही. पळू द्यायचं. आपण नुसतं मागे राहायचं. दमला की मग दोन्ही हातांनी खेचायचं."

"असं होय? आता कळलं."

त्याच संध्याकाळी सासू एसटीतून उतरली. नागू आणायला गेला होता. सासूच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं, काखेत फणस.

"जावईबापू, एवढं गाठोडं घ्या."

सासू पुढे, नागू मागे. घाटी चढता चढता सासूला धाप लागली.

"अहो, हात तरी लावा!"

"पळा, पळा. अजून दम आहे तुमच्यात."

वर पोचल्यावर सासू मटकन खाली बसली. "दमल्या!" म्हणत नागूने तिचे दोन्ही हात धरले आणि फणसासकट खेचत अंगणात आणली.

सासू जे बोलली ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

द्वारकेने कपाळ बडवलं. "अहो, दमून आलेल्याला खेचतात का? दमून आलेल्याला आधी पाणी द्यावं. अंगाला काही अडकलेलं असेल ते काढावं. मोकळं करावं."

"असं होय? आता कळलं."

दुसऱ्या दिवशी नवल झालं. नागूच्या तंगसाला कुपा लागला. नागूने पळू दिला. कुपा पळाला, वळला, खोल गेला, पुन्हा वर आला. शेवटी दमला. नागूने आणि काकाने मिळून होडीत घेतला. केवढा मासा! अर्धी होडी त्याने भरली. काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "जिंकलास रे नाग्या!" म्हणत तो इंजिन चालू करायला वळला.

मागे मोठा आवाज झाला. धबाक!

"कुपा कुठाय?"

"दमून आला होता बिचारा," नागू म्हणाला. "तोंडात अडकलेली गरी काढली. पाणी दिलं."

"किती पाणी दिलंस?"

"होतं तेवढं सगळं."

किनाऱ्यावर सासू उभीच होती. तिने रिकामी होडी बघितली. लेकीच्या कपड्यांचं बोचकं बांधून शेवटच्या एसटीवर निघाली. द्वारकेला जायचं नव्हतं. पण त्या बाईपुढे कुणाचं चाललंय? ती रडत रडत नागूला म्हणाली, "अहो, हातात आलेलं कधी सोडायचं नसतं हो! कुणी काही बोलो, घट्ट धरून ठेवायचं असतं!"

"असं होय?" नागू म्हणाला. त्याचेही डोळे भरले. "आता कळलं."

द्वारका गाडीत चढली, खिडकीपाशी बसली. सासूने एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून नागूच्या नाकापुढे हात नाचवला. "पुन्हा आमच्या दारात आलात तर..."

हात समोर आला. नागूने तो दोन्ही हातांनी धरला.

"सोडा!"

नागूने आणखी घट्ट धरला.

"बाई, चढा नाहीतर उतरा!" कंडक्टर ओरडला. सासूने ओढलं, नागूने ओढलं. सासू खाली आली. कंडक्टरने घंटी मारली. गाडी सुटली.

द्वारका माहेरी गेली. सासू नागूकडे राहिली.

"ओढा, किती ओढायचं ते ओढा," नागू घामाघूम होऊन हसत होता. "आता मी चुकायचा नाही."