शेल्याचा मान

खडकनेरच्या महाराजांना नायटा झाला होता. तरी खूश झाले की गळ्यातला शेला काढून ते समोरच्याच्या अंगावर घालत. त्यामुळे दरबारात मर्जीतला कोण, हे विचारावंच लागत नसे. जो खाजवी, तो मर्जीतला.

राणीसाहेबांनी मात्र करंजाचं तेल लावून आपला नायटा बरा केला आणि तेलाची बुधली दरबारात आणली.

महाराजांनी नाक दाबलं. "हे दिव्यात जाळायचं तेल! ज्याच्या अंगाला याचा वास येईल, त्यानं माझ्या दरबारात पाऊल टाकायचं नाही."

"जशी आज्ञा," म्हणत राणीसाहेब उठल्या. "दरबार आपला, महाल माझा. ज्याच्या अंगाला याचा वास येणार नाही, त्यानं माझ्या महालात पाऊल टाकायचं नाही."

संध्याकाळी महालाच्या दारात आधी करंजाचा वास आला आणि मागोमाग महाराज.