उंडाळे बंधूंचं एकमत

धामणगडचे राजेसाहेब विलायतेहून परतले ते तीन पेट्या हॅट, एक मोटार आणि एक नवं वेड घेऊन. हॅट डोक्यावर चढल्या, मोटार तिसऱ्या दिवशी बंद पडली, वेड मात्र उतरायचं नाव घेईना!

“तिकडे एका छपराखाली सुईपासून समईपर्यंत सगळं मिळतं!” ते दरबारात गरजले. विलायतेत समई कोण विकत घेतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. “आपल्याकडेही दसऱ्याला असं दुकान उघडलंच पाहिजे. घराणं एक, दुकान एक, मध्ये भिंत नको! प्रत्येक खात्याला वेगळा माणूस, आणि त्याने दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं नाही!”

हा हुकूम पडला उंडाळे बंधूंच्या गळ्यात, कारण चौकातली सर्वांत मोठी जागा त्यांची. दुकान उघडलं नाही, तर जागा मोटारखान्यासाठी सरकारजमा होणार होती. न चालणाऱ्या मोटारीला राहायला घर नको का?

अडचण एवढीच होती, की चौघे उंडाळे बंधू अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडील गेल्यावर त्यांच्या गादीवर कोणी बसायचं यावरून जुंपली, आणि एका दुकानात तीन भिंती उभ्या राहिल्या. थोरले अंतूशेठ कापड विकत, दुसरे भिकूशेठ भांडी, तिसरे रंगूशेठ किराणा आणि धाकटे येसूशेठ आरसे, कंगवे नि अत्तरं. बोलण्यावाचून अगदीच अडलं, तर निरोप तानूबाईमार्फत जाई. ती चारही दुकानं झाडायची. “भिकूला सांग, ठोकाठोकी बंद कर!” “अंतूला सांग, कानात बोळे घाल!” दोन्ही निरोप भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू जात, तरी तानूबाईने ते चालत जाऊन पोचवायचे, असा शिरस्ता होता.

जागा गेली तर शेठ लोक दुसरीकडे दुकानं थाटतील, आपली मात्र चूल विझेल, हे तानूबाईला पक्कं ठाऊक होतं.

दिवाणसाहेबांनी समेटासाठी चौघांना बोलावलं. चौघे आले, चार भिंतींकडे तोंड करून बसले, चार पेले सरबत प्यायले आणि निघून गेले. दिवाणसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि निरोपांसाठी चौघांबरोबर आलेल्या तानूबाईला विचारलं,

“यांना एक करायचं तरी कसं, तानूबाई?”

“एक करताय कशापायी, सायेब? सरकारांस्नी जशी मानसं पायजेत, अगदी तशीच हाईत की ही!”

दिवाणसाहेबांना काहीच कळलं नाही. ते बरेच शिकलेले होते.

तानूबाईने मग हातात झाडू घेतला आणि अंतूशेठच्या कानाशी लागली. “शेठ, बाकीचे तिघं भिंती पाडू द्येत न्हाईत. भिंत गेली की समदं गिऱ्हाईक तुमच्याकडं वळंल, म्हनून भ्यालेत.”

“भ्यालेत? मग पाडाच!” अंतूशेठ उठून उभेच राहिले.

हीच गोष्ट तिने उरलेल्या तिघांनाही एकेकटं गाठून सांगितली. प्रत्येक भिंत दोन्ही बाजूंनी पाडली गेल्यामुळे काम निम्म्या वेळात झालं!

दसऱ्याला राजेसाहेब आले. मागोमाग दोन बैलांनी ओढत आणलेली मोटारही आली, कारण महाराजांना जागा मिळायची खात्री होती. आत पाहतात तो दुकान लांबरुंद, माल खच्चून भरलेला, आणि चौघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले!

“हा काय प्रकार?”

“सरकार,” तानूबाई पुढे झाली, “कुनी दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं न्हाई, असं आपुनच म्हनला न्हवं?”

“म्हणालो.”

“तिकडं मानसांस्नी ते शिकवावं लागत आसंल. आमचे शेठ अकरा वर्सं सराव करत्यात!”

राजेसाहेबांनी परीक्षा घ्यायची म्हणून कापडाच्या गादीसमोर जाऊन तांब्या मागितला.

“शेजारी कुणी आहे, हेच आम्हाला ठाऊक नाही!” अंतूशेठ म्हणाले.

“वा! इतकी शिस्त विलायतेतही नाही!” राजेसाहेब खूश झाले. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. “तिथे एका खात्याची चिठ्ठी दुसऱ्या खात्यात पितळी नळीतून सुर्रकन जाते. तुमची नळी कुठाय?”

“ही काय, म्या! आन ही नळी झाडून बी काढती!”

राजेसाहेबांच्या मिशा हलल्या, पण हट्ट कसा सुटावा?

“दुकान एक, तर मालकही एकच हवा! मालक कोण? आत्ताच्या आत्ता सांग, नाहीतर मोटार आत घेतो!”

एकाचं नाव घ्यावं, तर तिघे माल उचलून चालते होणार. कुणाचंच न घ्यावं, तर जागा जाणार. चौघे शेठ तानूबाईकडे डोळे वटारून बघत होते. ती पदर खोचून म्हणाली, “सरकार, त्यास्नीच इचारा. पर समद्यांस्नी एकदम इचारा!”

“बोला! दुकान कुणाचं?”

“माझं!” चौघे एका सुरात ओरडले.

“ऐकलंसा सरकार?” तानूबाईने हात जोडले. “अकरा वर्सांत पयल्यांदा चौघांच्या तोंडातनं एकच शबुद आला! चार मालकांचं एवढं एकमत तुमच्या विलायतेत तरी सापडंल का?”

राजेसाहेब असे खदखदून हसले, की हॅट उडून किराण्याच्या पोत्यात पडली. मोटार आल्या वाटेने परत गेली. दुकानाला कायमची सनद मिळाली, आणि राजेसाहेबांनी तिथल्या तिथे दुकानाच्या मधोमध खुर्ची मांडून तानूबाईला मॅनेजर नेमलं!

चौघा भावांनी ताबडतोब हरकत घेतली. पण आपसांत बोलणं नसल्यामुळे चौघांनाही ती तानूबाईमार्फतच पाठवावी लागली, आणि मॅनेजर या नात्याने तिने खुर्चीतून न उठता चारही हरकती फेटाळून लावल्या!