अत्तरवाल्याचा नियम

फार पूर्वी एका नगरात एक अत्तरवाला होता. त्याच्या कारखान्यात बायका फुलांच्या पाकळ्या निवडायच्या. नगरात बायकांना दुसरं काम नव्हतं, म्हणून त्याचे नियम सगळ्या मुकाट्याने पाळायच्या. जिला दिवस जातील तिला काम नाही, हा पहिला नियम. शिवाय काम सुटल्यावर कोणी कोणाच्या घरी जायचं, हेही तोच ठरवायचा.

मैना नावाच्या तरुण कामकरणीला दिवस गेले. तिने ते फक्त मुकादमीण भागूबाईला सांगितलं.

"मावशी, कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार," भागूबाई म्हणाली.

पण अत्तरवाल्याला कुणकुण लागली. त्याने भागूबाईला बोलावलं. आवाज जराही चढवला नाही.

"नाव सांगा. नाहीतर उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

भागूबाईच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने नाव सांगितलं. मैनाला त्याच दिवशी काढून टाकलं.

भागूबाईच्या जिवाला चैन पडेना. संध्याकाळी पदराखाली भाकरी झाकून ती मैनाकडे गेली.

सकाळी अत्तरवाल्याने विचारलं, "काल मैनाकडे कशाला गेला होतात?"

भागूबाईने वळून पाहिलं. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांच्यातल्याच कुणीतरी सांगितलं होतं, तिच्यासारखंच घाबरून.

"काम सुटल्यावर गेले होते, मालक."

"पुन्हा जाल?"

"जाईन."

तिचंही काम गेलं. ती तडक मैनाच्या दारात उभी राहिली. "चल, न्यायाधीशांकडे जाऊ."

"माझं नाव तुम्हीच सांगितलंत ना, मावशी?"

"हो, मीच. तिथे तेही सांगेन."

न्यायाधीशांसमोर तिने खरंच सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. न्यायाधीशांनी अत्तरवाल्याला विचारलं, "या दोघींच्या कामात काही खोट होती?"

"कामात नव्हती," तो पुटपुटला.

"मग ऐका. तुम्ही यांना कामासाठी ठेवलंत. यांचं घर आणि यांचं पोट तुमच्या ताब्यात दिलेलं नाही."

दोघींना परत कामावर घ्यावं लागलं. दोन्ही नियम मोडीत निघाले. तरी पुढे कितीतरी दिवस पाकळ्या निवडताना बायका आधी मागे वळून बघायच्या आणि मगच एकमेकींशी बोलायच्या.

तात्पर्य एवढंच: भीतीपोटी आपण दुसऱ्याच्या घरात मालकाला शिरू दिलं, की तो आपल्याही घरात शिरतो.