ओझ्याखाली बोललेली मजुरी

तुम्ही उभे आहात तो तलावाचा बांध, आणि मधोमध हा बसका काळा दगड दिसतो तो भिवाचा. त्याच्यावर मातीने भरलेली पाटी असते. आमच्या गावात कुणालाही मजूर लावायचे असतील, विहीर खणायची असो की ऊस तोडायचा, मालकाने ही पाटी डोक्यावर घेऊन बांधाच्या टोकापर्यंत जायचे आणि पाटी न उतरवता मजुरी बोलायची. बोलली की ती सगळ्यांना सारखी. आधी कुठे काय मिळत होते, हे मजुराला विचारायचे नाही.

हे माझा दादा सांगायचा. तो नीट सांगायचा. आता मला सांगावे लागते.

फार पूर्वी सर्जेराव नावाच्या जहागीरदाराने हा तलाव बांधायला काढला, असे सांगतात. माणूस वाईट नव्हता म्हणे. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारी, "मागल्या मालकाकडं काय घेत होतास?" जे सांगेल त्यावर ओंजळभर धान्य जास्त देई. मजूर पाया पडून कामाला लागे, आणि सर्जेरावालाही वाटे की आपल्यासारखा दाता नाही.

भिवा आणि येसू सख्खे भाऊ. थोरला भिवा एका चिक्कू मालकाकडून आलेला, तिथे दिवसाला शेरभर जोंधळा. धाकटा येसू दुसऱ्या मुलखातून आलेला, तिथे दोन शेर. इथे तीच माती, तीच पाटी, तोच चढ. पण भिवाला शेरावर ओंजळ आणि येसूला दोन शेरांवर ओंजळ. भिवाला हे ठाऊक नव्हते. त्या ओंजळीच्या उपकाराने तो सगळ्यांत मोठी पाटी उचलायचा. बायका चेष्टा करत, "भिवादादा, तलाव सासऱ्याचा हाय व्हय?" तो हसायचा. येसूला ठाऊक होते. दादाला लागेल म्हणून तो गप्प राहिला आणि आपल्यातले धान्य त्याच्या मडक्यात चोरून ओतत राहिला.

एका सकाळी भिवाने त्याला ओतताना पाहिले.

"कुठनं आणलंस?"

"माझ्या मजुरीतलं."

"आन् तुला उरतं?"

"मला दोन शेर हाईत, दादा. वर ओंजळ."

भिवा उठला. भरलेली पाटी घेऊन बांध चढला आणि मधोमध, पाटी डोक्यावर तशीच ठेवून, खाली बसला. सर्जेराव आला. म्हणाला, "अरे, शेर तूच सांगितलास. मी वर ओंजळ दिली का नाही?"

"दिलीत, सरकार. आता ही पाटी घ्या, टोकापतूर न्या, आन् तिथं सांगा हिचं काय द्यायचं."

सर्जेराव हसून निघून गेला. येसू पाणी घेऊन जाई, भिवा तोंड फिरवी. तिसऱ्या दिवशी त्याचा श्वास गेला, पण मान वाकली नाही आणि पाटी पडली नाही. चौघांनी ओढली तरी निघेना म्हणे. शेवटी येसूने सर्जेरावाचे पाय धरले. "भाऊ परत मागत नाही. त्याचं ओझं तेवढं उतरवा."

सर्जेरावाने हात लावला तशी पाटी सुटली. त्याने ती डोक्यावर घेतली. टोकाला पोचेपर्यंत पागोटे भिजले, आणि तोंडातून निघाले, "तीन शेर. सगळ्यांना." भिवा बसला होता तिथे हा दगड झाला.

गेल्या साली गाळ काढायला आलेला ठेकेदार घरून आकडा ठरवून आला होता. टोकाला जाईपर्यंत तो शंभर रुपयांनी वाढला.

पाहुणे नेहमी विचारतात, येसूने आधीच का सांगितले नाही? दादाकडे याचे चांगले उत्तर असायचे. माझ्याकडे नाही. शहरातल्या गोदामात दादा आणि मी पोती उचलायचो. मालकाने त्याला गावाकडची मजुरी विचारली आणि तिच्यावर थोडे वाढवून पगार लावला. मी आधी दुसऱ्या शहरात होतो, म्हणून मला त्याच्या दीडपट. त्याला वाटायचे मालक देवमाणूस आहे. तो सुट्टीच्या दिवशीही जायचा. अशाच एका रविवारी पोत्यांची थप्पी त्याच्या अंगावर आली. मी त्याला सांगितले नव्हते.

मागे एका मालकाने पाटीत खाली भुसा भरला होता. तेव्हापासून आजही बांधावरून जाणारा प्रत्येकजण पाटीत मूठभर माती टाकतो, म्हणजे ती कुणाला हलकी लागू नये. तुम्हीही टाका. मी दोन टाकतो.