चोचीवरचे सोने

एका राज्यात घरोघरी माग होते, आणि त्या मागांवर तीन जादूगार भावांचा डोळा होता. त्यांतला एक ज्या घरात शिरे, तिथला माग आपोआप त्याचाच झगा विणू लागे. प्रत्येक झग्यातून तसाच एक जादूगार उठे. घर भरले की भिंती फोडून सारे शेजारी शिरत.

राखणीला वेशीवर एक बोलका भारद्वाज होता. मेलेल्या जादूगाराच्या झग्याचा तुकडा राणी हेमकला वेशीच्या पडद्याला शिवून ठेवी. येणाऱ्याचे वस्त्र पक्षी त्या तुकड्यांशी ताडून पाही. जुळले, की त्याला चोचीने उभा चिरी.

थोरला भाऊ ओळखीच्या हिरव्या झग्यात आला आणि चिरला गेला. मधल्याने झग्यातला एकच धागा बदलला. पक्षी फसला, कोष्ट्यांची एक आळी फुटली. मोठ्या कष्टाने तो मारला गेला आणि पडद्याला नवा तुकडा लागला. प्रजा भारद्वाजाला ओवाळू लागली.

धाकटा वेशीकडे फिरकलाच नाही. त्याने आपले नाव लपवून राजा पद्मकेतूकडे दूत धाडला.

"महाराज, सकाळी प्रजा आधी कोणाला नमस्कार करते?"

राजाची नजर वेशीकडे गेली. दूताने एक डबी उघडली.

"हे सोन्याचे टोपण त्याच्या चोचीवर चढवा. तो शोभेल, आणि आपण दिसाल."

राणी म्हणाली, "स्वामी, पाखराशी कसली बरोबरी?"

"बरोबरी तू करतेस. आज डाळिंबाचे दाणे आधी त्याला दिलेस."

राजाने टोपण स्वहस्ते चढवले. ते शापित होते. धाकटा जिवंत असेतो निघणार नव्हते. मुकाट पक्ष्यासमोरून धाकटा आत आला तो थेट राजवाड्यात. तिथले माग खडखडू लागले.

राजा वेशीकडे धावला. टोपण ओढले, हलेना. पक्षी नुसता त्याच्याकडे बघत राहिला. राजा परतला.

"राणी, मुलीला घेऊन बाहेर पड. दाराला बाहेरून अडसर घाल."

"आणि आपण?"

"सूत पेटवायला कोणीतरी आत हवे."

राजवाडा जळाला, पण त्याची एकही भिंत फुटली नाही. आतून कोणीही बाहेर आले नाही. वेशीवर टोपण आपोआप गळून पडले.

राजकन्या गादीवर बसली. माग पुन्हा धोतरे-लुगडी विणू लागले. आळीआळीत राजाचे गुणगान चालले. भारद्वाजाने ते बराच वेळ ऐकले.

"राणीसाहेब, माझे नाव कोणी घेते आहे का?"

रडता रडता राणीला हसू आले.

"आज नाही रे पाखरा. आज त्यांना मिरवू दे."