तान्हूबाईची बंडी

डोंगराच्या कुशीतल्या वेळूमाळ गावी सोमगीर महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिकत. भाविकहो, तो काळच वेगळा! नवं कापड घरात वर्षाकाठी एकदा येई. धोतर विरलं की त्याचा सदरा, सदरा विरला की लेकराचं झबलं, आणि झबलंही विटलं की गोधडीला ठिगळ. दुपारी आयाबाया सुईदोरा घेऊन ओसरीवर बसत आणि गावच्या साऱ्या खबरा तिथेच निघत. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

त्या गावात तान्हूबाई एकटीच राहत असे. ना मूल ना बाळ. शिवायचं ते स्वतःपुरतं. जुन्या लुगड्याची चोळी बेतायची, घट्ट झाली की बगलेत पट्टी घालायची. टेप कुठला असायला? स्वतःच्या खांद्याला दोरा लावून गाठ मारली की झालं माप. ओठांवर मात्र टाक्याटाक्याला महाराजांचं नाव.

चैत्रातल्या उत्सवाला एका घराने महाराजांना बंडी शिवून घालावी, असा गावचा रिवाज होता. पाळीच्या घरची बंडी आरतीपर्यंत अंगात चढली नाही, तर मान पुढच्या घराला जाई. तेवीस वर्षांनी तान्हूबाईची पाळी आली. ही हुकली, तर पुढची बघायला ती थोडीच राहणार होती! तिने जपून ठेवलेलं लग्नातलं लुगडं काढलं आणि त्याला कात्री लावली.

पुढचं घर होतं कापडवाले हैबतशेट यांचं. महाराज डोळे मिटून बसले असताना शेटनी शिंप्याकरवी गुपचूप माप घेऊन रेशमी बंडी शिवूनही ठेवली होती. शेटच ते!

उत्सवाच्या दिवशी मंडपात तान्हूबाईने बंडी उलगडली. महाराज उंचपुरे, रुंद खांद्यांचे. बंडी मात्र अगदी तिच्या अंगाची!

"काय गं तान्हे, महाराजांना बंडी शिवलीस की बाहुल्याला अंगडं?" रेशमी बंडी हातात घेऊन हैबतशेट म्हणाले. सारा मंडप हसला.

"चुकलं, महाराज," तान्हूबाईला रडू आवरेना. "तुमचं माप घ्यायला धजले न्हाई. हाताला दुसऱ्याची सवयच न्हाई जी, माझ्याच खांद्याला दोरा लावला. शेटची घाला आता."

महाराज म्हणाले, "आण इकडे."

त्यांनी एक हात घातला, मग दुसरा. काय सांगावं! एक टाका उसवला नाही. बंडी खांद्यावर नीट बसली, पोटाशी बंद बांधले गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हैबतशेटना पटेना. त्यांनी हट्टाने बंडी उतरवून मागितली आणि सतरंजीवर पसरून मापली. खांदा जेमतेम दीड वीत! महाराजांनी ती पुन्हा घातली. पुन्हा बेतशीर बसली. आता शेटनी आपली रेशमी बंडी पुढे केली. "मग माझीही एकदा घालून पाहा, महाराज. हिचं माप तर चोख आहे."

महाराजांनी आनंदाने रेशमी बंडीत हात घातला. ती कोपरापाशीच अडली.

"शेट, माप तुम्ही माझ्या अंगाचं घेतलंत," महाराज हसून म्हणाले. "हिने दोरा लावला तो स्वतःला, पण नाव घेतलं माझं. जिथे माझं नाव, तिथेच मी राहतो. माझ्या मापासाठी हिने आणखी कुठे जायला हवं होतं?"

हैबतशेट पाय धरायला वाकले, तसे महाराज मागे सरले. "आधी तिकडे," ते म्हणाले.

चारचौघांत कधी न उतरलेला फेटा शेटनी काढला आणि तान्हूबाईच्या पायांशी डोकं टेकलं. ती बिचारी संकोचून मागे सरकली. "अवो शेट, उठा. असं करू नका!" ती म्हणत राहिली. शेटचं डोकं मात्र बराच वेळ वर आलं नाही.